घरी जाऊन काय सांगतील? चार लोकांपुढं बोलायचं असेल तर हे बघा

परवा भाचीचा फोन आला. कृषीची पदवी करून एका संस्थेत फिल्डवर नवीन लागलीय, केज तालुक्यातल्या एका गावात तिला सोयाबीनच्या बियाण्यावर शेतकऱ्यांची मीटिंग घ्यायचीय. म्हणली मामा, पीपीटी तयार आहे, ३८ स्लाईड झाल्यात, व्हॉट्सअपवर टाकते, बघून सांगा. मी म्हणलं पीपीटी नंतर बघू, आधी एकच सांग. मीटिंग संपली, एखादी बाई घरी गेली, भाकरी टाकायला बसली आणि सासूनं विचारलं, काय सांगितलं गं तिथं, तर ती काय सांगल?

भाची गप्प झाली. मग म्हणली, सगळंच सांगायचंय की मामा, उगवण क्षमता, बीजप्रक्रिया, रुंद वरंबा सरी, खताचा डोस, तणनाशक...

मी म्हणलं मग ती बाई सांगल, सोयाबीनचं कायतरी सांगत होत्या.

हे मी तिला फोनवर अर्धा तास सांगितलं, मग वाटलं लिहूनच काढावं, कारण असे फोन मला लय जणांचे येतात. कुणाला ग्रामसभेत बोलायचं असतंय, कुणाला बचत गटाकडून पंचायत समितीत मागणी मांडायचीय, कुणाचा कॉलेजात सेमिनार आहे. विषय वेगवेगळे पण चुका बहुतेक त्याच त्या. मी स्वतः अकरा वर्षं झाली लातूर, बीड, धाराशिव या भागात गावोगाव शेतकऱ्यांच्या बैठका घेतोय आणि त्यातली पहिली दोन वर्षं मी लोकांचा वेळ वाया घालवला असं मला खरंच वाटतंय.

पहिल्याच बैठकीचं सांगतो. लातूर तालुक्यातलं गाव, समाजमंदिर, साठेक माणूस. मी ४२ स्लाईड पाऊण तासात दाखवल्या, सगळी माहिती बरोबर होती, एक आकडा चुकला नाही. शेवटी विचारलं काही प्रश्न? पुढं बसलेले एक आजोबा उठले आणि म्हणले, "ते सगळं ठीक आहे ओ साहेब, पण घरचं बी पेरू का इकत आणू?" हे मी सतराव्या स्लाईडला सांगितलं होतं. आजोबांनी लक्ष दिलं नाही असं नाही, ते पूर्ण वेळ माझ्याकडंच बघत होते. माझ्या ४२ गोष्टींमध्ये त्यांना पाहिजे होती ती एक बुडून गेली, आणि ती बुडवली मी. त्या दिवसापासून बैठकीच्या आधी मी एकच परीक्षा लावतो, ऐकणारा घरी जाऊन दुसऱ्याला काय सांगणार. त्याला सांगता आलं तर आपलं बोलणं लागू पडलं, नाही सांगता आलं तर टाळ्या किती का पडंनात.

आता हे करायचं कसं. कागद घ्या आणि एक वाक्य लिहा. वाक्य म्हणजे वाक्य, ज्यात क्रियापद पाहिजे, कुणी काय करायचं ते पाहिजे. "सोयाबीन बियाण्याची उगवण क्षमता" हे वाक्य नाही, ते नुसतं मथळ्याचं नाव झालं. "पेरायच्या आधी घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या बारदान्यात गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पेरा" हे वाक्य झालं. हे बाई सासूला सांगू शकते, सासू शेजारणीला सांगू शकते. बचत गटाचंही तसंच. "महिला सक्षमीकरणाच्या समस्या" असा विषय घेऊन बोलायला उभं राहिलं तर साहेब लोक मान हलवतील आणि पुढची फाईल घेतील. त्याऐवजी "गावात सहा गट आहेत, साठ बाया, बसायला जागा नाही, जुन्या शाळेची एक खोली बंद पडून आहे ती आम्हाला द्या" एवढंच बोललं तर साहेबांना हो किंवा नाही म्हणावंच लागतंय. कॉलेजातल्या पोरांना वाटतं सेमिनारला हे चालत नाही, तिथं सगळं दाखवावं लागतंय म्हणजे अभ्यास केला असं दिसतं. अभ्यास दिसतो प्रश्नोत्तरात. बोलताना एकच गोष्ट धरा, बाकीचं डोक्यात ठेवा, कुणी विचारलं की काढा.

हे वाक्य जमेना, दोन-तीन दिवस घोळत बसलंय, तर समजायचं विषय अजून आपल्यालाच नीट कळला नाही. अशा वेळी स्लाईड करायला बसू नका.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या, आपल्याकडची ऐकणारी माणसं कच्ची नाहीत. गोपीनाथराव मुंडे, विलासराव देशमुख यांच्या सभा ऐकलेली पिढी अजून पारावर बसलेली आहे. गावात दरसाल सप्ता असतो, सात दिवस रोज रात्री कीर्तन. दोन-दोन तास मांडी घालून ऐकणारी ही माणसं, मग आपल्या वीस मिनिटांच्या बोलण्यात ती चुळबुळ करायला लागली तर दोष त्यांना द्यायचा का? मी कीर्तनं नुसती ऐकायला जायचो, नंतर शिकायला जायला लागलो. कीर्तनकार दोन तासाला एकच अभंग घेतो, एकच. त्यातलं एक चरण धरतो, त्यावर बोलतो, दृष्टांत देतो, पार कुठल्या कुठं जातो, बाजारात जातो, लग्नात जातो, सासू-सुनेच्या भांडणात जातो, आणि लोक हसून दमले की परत त्याच चरणावर येतो, आणि टाळकरी ते चरण उचलून धरतात. रात्री घरी जाणाऱ्या माणसाच्या तोंडात तेच चरण असतंय. नारदीय कीर्तनात तर मांडणीच ठरलेली, पूर्वरंगात तत्त्व सांगायचं आणि उत्तररंगात तेच तत्त्व एका आख्यानातून दाखवायचं. म्हणजे नवीन काही सांगायचं नाही, तेच दुसऱ्या अंगानं दाखवायचं. आपल्याला अभंग म्हणायचा नाही पण हे परत-परत येणं उचलता येतं. मी वीस मिनिटांत माझं ते एक वाक्य किमान चार वेळा म्हणतो, त्याच शब्दांत, आणि चौथ्या वेळी अर्धं म्हणून थांबतो, उरलेलं लोक म्हणतात. सुरुवातीला हे करायला लाज वाटायची. आता वाटत नाही, कारण ते काम करतं.

शब्द तेच ठेवा हे मुद्दाम सांगतोय. शाळेत शिकवलेलं असतंय की तोच शब्द परत वापरू नये, मग एकदा आपण "उगवण क्षमता" म्हणतो, एकदा "अंकुरण टक्केवारी", एकदा "जर्मिनेशन", आणि ऐकणाऱ्याला वाटतं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. निबंधाला ते चालत असंल, बोलण्यात चालत नाही.

आकड्यांचं

आकडे हा सगळ्यात जास्त बिघडणारा भाग, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. आकडा खरा असून उपयोग नाही, तो ऐकणाऱ्याच्या मापात पाहिजे. सरकारी पत्रकात सगळं हेक्टरी असतंय, हेक्टरी ७५ किलो बियाणं. आपला माणूस एकरात आणि गुंठ्यात विचार करतो, हेक्टर ऐकलं की तो मनात अडीचनं भागायला लागतो आणि तो भागाकार होईपर्यंत तुमची पुढची तीन वाक्यं गेलेली असतात. तुम्ही घरूनच भागून न्या, एकरी ३० किलो. फवारणीचं सांगताना "दहा लिटरला वीस मिली" म्हणतात, पण दहा लिटरचा पंप आहे कुणाकडं? कुणाचा पंधराचा, कुणाचा बॅटरीवरचा वीसचा. मग सांगताना पंधराच्या पंपाला तीस आणि वीसच्या पंपाला चाळीस असं सांगा. हे एवढं केलं तरी निम्मे लोक जास्तीचे समजतात.

पाण्याचं एक उदाहरण देतो, हे मी कुठंही सांगितलं की लोक सरसावून बसतात. शेताचं पाणी शेतात अडवा असं आपण तीस-चाळीस वर्षं ऐकतोय, कुणाला काही वाटत नाही आता. पाऊस २५ मिलीमीटर झाला म्हणलं तरी काही वाटत नाही, मिलीमीटर म्हणजे नखाएवढं काहीतरी. आता हिशोब बघा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. म्हणजे एका मिलीमीटरला एकरावर चार हजार लिटर पडतंय, आणि २५ मिलीमीटरच्या एका पावसाला एक लाख लिटर. बारा हजार लिटरचे आठ टँकर झाले की, एका एकरावर, एका पावसात. मग मी विचारतो, २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, ध्यानात आहे का? कसं नसंल. एप्रिल महिना होता, मिरजेवरून गाडी आली, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकात पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. सगळ्या देशानं ती गाडी टीव्हीवर बघितली. ते पाच लाख लिटर म्हणजे तुमच्या पाच एकरावर पडणारा २५ मिलीमीटरचा एक पाऊस. एवढं म्हणून मी थांबतो. बोलत नाही काही. पाच-सात सेकंद. त्या वेळात प्रत्येकजण आपल्या रानातून वाहून जाणारं पाणी डोळ्यापुढं बघत असतो, आणि त्यात आपण बोलून घाण करायची नाही.

बघा यात नवीन माहिती कुठली आहे? एकराचं माप सगळ्यांना माहीत, पाऊस माहीत, रेल्वे माहीत. फक्त लोकांनी स्वतः भोगलेल्या गोष्टीला तो आकडा नेऊन बांधला. तुम्ही बोलणार त्या गावानं काय भोगलंय ते आधी माहीत करून घ्या, एक दिवस आधी जाऊन पारावर बसा, चहा प्या, तिथंच तुमचं उदाहरण सापडतं.

आणि एका बैठकीत दोन, फार तर तीन आकडे. चौथा आकडा पहिल्याला खातो.

हातात काहीतरी न्या

भाचीला मी सांगितलं त्या ३८ स्लाईड राहू दे, तू आठ दिवस आधी त्या गावात जा. दोन-तीन घरचं सोयाबीन घे, कुणाचं साठवलेलं बियाणं असंल ते, न निवडता शंभर-शंभर दाणे. बारदाना भिजवून पिळून घे, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी लाव, वरून दुसरा ओला बारदाना टाक, गुंडाळी कर आणि त्याच घरातल्या बाईला सांग, सावलीत ठेवा, वाळू देऊ नका, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी मीटिंगच्या दिवशी ती गुंडाळी त्या बाईच्या हातानंच सगळ्यांपुढं उघडायची. मोजायचंही तिनंच, मोठ्यानं. सगळं गाव ओळी मोजतंय बघ. कुणाचे ८२ येतील, कुणाचे ५४ येतील. सत्तर आणि वर आले तर एकरी तीस किलो, साठ आले तर पस्तीस किलोवर जा, फारच कमी आले तर ते बियाणं तेलाला जाऊ द्या, रानात नको. एवढंच बोलायचं.

२०२० च्या खरिपात आपल्याकडं सोयाबीन उगवलं नाही म्हणून ढिगानं तक्रारी झाल्या, लोकांनी दुबार पेरण्या केल्या, त्यामुळं ही गोष्ट गावाला नवीन सांगायची गरजच नाही, जखम ताजीच आहे. आणि गुंडाळी उघडली की प्रश्न आपोआप येतात, माझेच दाणे का कमी उगवले? मग सांगता येतं, की सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतंय, मळणी यंत्राचे फेरे जोरात ठेवले, पोती उंचावरून आपटली, थप्पी फार उंच लावली की आतून मार बसतो, वरून दिसत नाही. हेच तुम्ही स्लाईडवर पाच मुद्दे करून वाचलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, आता त्यांनीच विचारलंय म्हणून ऐकतात. माणूस न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ध्यानात ठेवत नाही. म्हणून आधी प्रश्न निघंल असं काहीतरी दाखवायचं आणि मग उत्तर द्यायचं, आपण बहुतेकजण हे उलटं करतो.

शेती नसंल तरी हातात नेण्यासारखं काहीतरी असतंच. पाण्याच्या शुद्धतेवर बोलायचंय तर त्याच गावच्या हातपंपाचं पाणी बाटलीत न्या. ग्रामसभेत रस्त्याचं बोलायचंय तर पावसाळ्यात तिथं रुतलेल्या गाडीचा मोठा फोटो प्रिंट काढून न्या. बँकेत गटाचं कर्ज मागायचंय तर गटाची परतफेडीची वही न्या आणि मॅनेजरच्या हातात द्या, त्यालाच पानं उलटू द्या.

स्लाईड लागतच असतील तर

कॉलेजात, ऑफिसात लागतात, मान्य. पण स्लाईडवर लिहिलेलं वाचून दाखवणं आजपासून बंद करा. माणूस डोळ्यानं जेवढ्या वेगानं वाचतो तेवढ्या वेगानं आपण बोलू शकत नाही, त्यानं ती स्लाईड केव्हाच वाचून संपवलेली असते आणि आपण अजून दुसऱ्या ओळीवर. आणि ज्याला वाचता येत नाही, गावात असे जुने लोक असतात, त्याला तुम्ही सरळ बाहेर बसवल्यासारखं होतं. स्लाईडवर फोटो ठेवा, नकाशा ठेवा, एखादा आकडा मोठा करून ठेवा. बोलायचं ते तोंडानं बोला.

दिवसाउजेडी समाजमंदिरात प्रोजेक्टर लावणार असाल तर एक समजून घ्या, प्रोजेक्टर फक्त उजेड फेकतो, काळा रंग त्याला फेकता येत नाही. पडद्यावर जिथं काळं दिसायला पाहिजे तिथं तो काहीच फेकत नाही, आणि खोलीत दारं-खिडक्यांतून ऊन येत असंल तर ते काळं पांढुरकं होतं. म्हणून गडद फोटो, निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, हे सगळं घरी लॅपटॉपवर झकास दिसतं आणि तिथं धुऊन निघतं. पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं ठेवा, थोडी आणि मोठी. मोठी म्हणजे किती, तर पडदा लावल्यावर स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि वाचून बघा. तुम्हाला डोळे बारीक करावे लागले तर आजोबांना काहीच दिसणार नाही.

मराठी फॉन्टचा घोळ तर विचारू नका. कृतीदेव, श्रीलिपी यात टाईप केलेलं वरून मराठी दिसतंय, पण आतून ती इंग्रजीची अक्षरंच असतात, तो फॉन्ट दुसऱ्या लॅपटॉपवर नसला की सगळी स्लाईड अगम्य होऊन बसते. युनिकोडमध्ये टाईप करा आणि शिवाय पीडीएफ करून पेन ड्राईव्हवर आणि मोबाईलमध्ये दोन्हीकडं ठेवा. केबल आपली न्या. आणि लाईट गेली तर काय बोलायचं ते स्लाईडशिवाय एकदा म्हणून बघितलेलं असू द्या, कारण लाईट जाते. माझ्या काही चांगल्या बैठका लाईट गेल्यावर झाल्यात, सगळे उठून लिंबाखाली बसलो आणि मग खरं बोलणं सुरू झालं.

माईक, जागा, वेळ

माईक हनुवटीजवळ, चार बोटं अंतर, आणि मान फिरवली की माईकही बरोबर फिरला पाहिजे. त्यावर टकटक करू नका, फुंकर मारू नका, सरळ बोला आणि शेवटच्या माणसाला विचारा ऐकू येतंय का. शिट्टी वाजली तर माईकवाल्यावर चिडू नका, बहुतेक वेळा आपणच माईक घेऊन बॉक्सच्या पुढं गेलेलो असतो, बॉक्सचा आवाज परत माईकात शिरतो, परत मोठा होऊन बाहेर येतो, तीच ती शिट्टी. बॉक्सच्या मागं या, थांबते. चाळीस माणसांपर्यंत माईक घेऊच नका, आवाज थोडा चढवून बोललं तर माणूस जवळ वाटतो.

बसण्याचं मात्र बघाच. आपल्याकडं पुरुष खुर्च्यांवर पुढं आणि बाया पार मागं, भिंतीला टेकून, कधी तर दाराबाहेर. आणि खुरपणी, निवडणी, बी जपून ठेवणं ही कामं कोण करतं? मी बैठकीच्या आधी सतरंजी पुढं टाकून घेतो आणि मावशी, काकू इकडं पुढं बसा म्हणून स्वतः बोलावतो. दोनदा बोलवावं लागतं, तिसऱ्यांदा येतात. बोलतानाही निम्म्या वेळ त्यांच्याकडं बघून बोला. प्रश्न विचारायला त्या सगळ्यांदेखत उठत नाहीत, मग शेवटी दहा मिनिटं त्यांच्यात जाऊन खाली बसायचं. मला मिळालेले सगळ्यात कामाचे प्रश्न तिथले आहेत.

वेळेचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, सत्कार, शाल, नारळ, मग प्रास्ताविक करणाराच वीस मिनिटं. तुमच्या वाट्याला तासाऐवजी पंधरा मिनिटं येतात आणि लोक जेवणाकडं बघायला लागलेले असतात. यावर चिडून उपयोग नाही, तयारी तशी ठेवायची. तेच बोलणं पाच मिनिटांचं, पंधरा मिनिटांचं आणि चाळीस मिनिटांचं असं तिन्ही मापात तयार पाहिजे. पाच मिनिटांत फक्त ते एक वाक्य आणि एक उदाहरण. चाळीस मिनिटांचं पंधरात कोंबायला जाऊ नका, माणूस पळत बोलायला लागतो आणि पळत बोललेलं कुणाला कळत नाही. आणि स्वतः उठल्यावर "सन्माननीय व्यासपीठ, सर्वश्री" करत दहा नावं घेण्यात पहिली दोन मिनिटं घालवू नका. व्यासपीठावरच्या सगळ्यांना एकदम नमस्कार करा आणि सुरू करा. कुणी रुसंल असं वाटत असंल तर सरपंचांचं नाव पुढं उदाहरणात घ्या, त्यांच्या रानातलं काहीतरी चांगलं सांगा, ते जास्त खूष होतात. पहिली दोन मिनिटं लोक सगळ्यात जास्त लक्ष देऊन ऐकत असतात, ती आपल्या कामाला लावा. मी तर सुरुवातच गोष्टीनं करतो किंवा प्रश्नानं, "गेल्या साली दुबार पेरणी कुणाकुणाला करावी लागली, हात वर करा."

भीती वाटते त्याचं काय

वाटते. अकरा वर्षांनी मलाही पहिल्या मिनिटाला घसा कोरडा पडतो. भाचीनं हेच रडत विचारलं होतं, मामा माझे पाय कापतात. पहिली तीन वाक्यं पाठ करा, अगदी शब्दन् शब्द, आणि शेवटचं वाक्य पाठ करा. मधलं पाठ करायचं नाही. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात शाळेची पोरं बघा, धडाधडा म्हणत जातात आणि एक शब्द निसटला की पुढचं सगळं बंद, बिचारं पोर डोळ्यात पाणी घेऊन उभं. शब्द पाठ केले की असं होतं. क्रम पाठ करा, आधी गुंडाळी, मग मोजणी, मग किलोचा हिशोब. एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चार-पाच शब्द मोठे लिहून ठेवा, पातळ कागद घेऊ नका, हात थरथरला की तो फडफडतो आणि आपलंच लक्ष तिकडं जातं. उभं राहिल्यावर आधी श्वास पूर्ण सोडा, मग घ्या. लोकांत मान हलवणारी दोन-तीन माणसं असतातच, एक डावीकडं, एक उजवीकडं, एक मागं, त्यांना धरून बोला. आणि तालीम मोठ्यानं करा, मनातल्या मनात केलेली तालीम धरायचीच नाही. घरात कुणाला तरी समोर बसवा, त्या विषयातलं ज्याला काही कळत नाही असं माणूस बघून. मी आईला बसवायचो. ती मधेच "म्हंजी काय रं?" म्हणली की तो शब्द काढून टाकायचो.

बोली आपली ठेवा. पुस्तकी मराठीत बोलायला गेलं की निम्मं लक्ष शब्द जुळवण्यात जातं. पण दुसऱ्याच्या बोलीची नक्कल करू नका, जालन्याच्या माणसानं उदगीरकडं जाऊन तिकडचं बोलायचा आव आणला की लोकांना ते लगेच कळतं आणि आवडत नाही.

प्रश्नांच्या वेळी प्रश्न आधी परत मोठ्यानं म्हणा, मागच्यांना ऐकू गेलेला नसतो. उत्तर माहीत नसंल तर माहीत नाही म्हणा, विचारणाऱ्याचा नंबर घ्या आणि दोन दिवसांत खरंच फोन करा. हा फोन केला तर पुढच्या वेळी त्या गावात तुम्हाला माणसं गोळा करावी लागत नाहीत. एखादा माणूस भांडायलाच आलेला असतो, अनुदान का आलं नाही, पीकविमा का मिळाला नाही. त्याला गप्प बसवू नका, त्याचं दुखणं खरं असतंय. शांतपणे पूर्ण ऐका, आजच्या विषयानंतर तुमच्याबरोबर बसतो म्हणा, आणि बसा. बसला नाहीत तर आजचं सगळं बोलणं वाया गेलं समजा.

भाचीची मीटिंग येत्या रविवारी आहे. तीन घरी गुंडाळ्या ठेवून आलीय, रोज फोन करून पाणी शिंपडलं का विचारतेय. तिला मी सांगितलंय, सोमवारी सकाळी त्या गावातल्या अशा दोन बायांना फोन लाव ज्या मीटिंगला आल्याच नव्हत्या, आणि विचार, काल काय झालं म्हणे तुमच्या गावात? त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिही, आणि पुढच्या गावाला जायच्या आधी ते पान काढून वाच.